कुपीतला पाचवा डोस

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला डॉक्टर शेल्डन डाबरेंनी रोवेना सिस्टरला आपल्या खोलीत बोलावलं आणि आधी दार लोटून घेतलं. एरवी हे दार कधी बंद नसायचं. रोवेना उभीच राहिली.

"जूचंद्रची आरोही गेली," डॉक्टर म्हणाले. "दहा महिन्यांची. काल तुम्ही तिला गोवरची लस दिली होती. आज सकाळी दवाखान्यात नेली, तेव्हा सगळं संपलं होतं. शवविच्छेदनाला घरच्यांनी नकार दिला."

रोवेना तुस्कानो एकोणीस वर्षं नर्स होती. वसईच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतून ती रोज पूर्वेला या आरोग्य केंद्रात यायची. इतक्या वर्षांत तिच्या हातून किती हजार सुया गेल्या असतील, याचा तिने कधी विचार केला नव्हता. आता मात्र तिला एकच सुई दिसत होती. धावत आलेली आई दर्शना, तिच्या कडेवर लाल टोपी घातलेली आरोही, आणि सुई लागताच आधी आ वासून मग फुटलेलं ते रडू.

डॉक्टरांनी कालच्या वापरलेल्या कुप्या ठेवलेला डबा पुढे ओढला. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत पाच मुलांपुरते डोस असतात. कुपी एकदा द्रव घालून तयार केली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. कारण नंतर तिच्यात जंतू वाढू शकतात. बिघडलेला डोस पोटात विष गेल्यासारखा काही तासांत मुलाला आडवं करतो. रोवेनाला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुपीच्या लेबलावर तिच्याच अक्षरात वेळ लिहिली होती, दहा चाळीस.

"म्हणजे दोन चाळीसपर्यंत," डॉक्टर म्हणाले. "आरोहीला किती वाजता दिलीत?"

रोवेनाने आठवायचा प्रयत्न केला. काल नेट बंद होतं, म्हणून मोबाइलवरच्या नोंदी तिने संध्याकाळी एकदम केल्या होत्या. रजिस्टरमध्ये मुलांचा क्रम होता, वेळ नव्हती. अंगणवाडीतलं लसीकरणाचं सेशन दोनला आटपतं. पण काल ती लसीचा डबा बंद करत असताना आशा सेविका कुंदा भोईर परभणीच्या एका बाईला अक्षरशः हाताला धरून घेऊन आली होती. त्या लोकांचं बिऱ्हाड त्याच दिवशी हलत होतं. आता हे पोर हातचं गेलं तर पुन्हा सापडणार नाही, म्हणून रोवेनाने थांबून त्याला चौथा डोस दिला. तेवढ्यात दर्शना पळत आली आणि कुपीतला पाचवा डोस आरोहीला गेला.

"घड्याळ बघितलं नाही मी," ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होते, नोकरीला दोनच वर्षं झाली होती. वेळेचं नंतर बघू, ते म्हणाले. आधी बाकीची चारही मुलं आजच्या आज डोळ्यांनी बघून या. एकालाही ताप, उलटी, जुलाब असेल तर उचलून थेट दवाखान्यात. फोनवर विचारून भागणार नाही.

कुंदाताईच्या स्कूटीवरून दोघी निघाल्या. कुंदाताई जूचंद्रचीच, आगरी घरातली. गावातली निम्मी घरं तिच्या नात्यातली होती आणि आज सकाळपासून त्यातल्या कोणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. तूच आमची पोरं सुयांना नेतेस, असं चुलतसासूने तिला नळावर सगळ्यांसमोर सुनावलं होतं. कुंदाताई हे सांगताना रडली नाही, फक्त गाडी जरा जास्त जोरात चालवत राहिली.

पहिली दोन मुलं म्हणजे नायगावच्या एका इमारतीतली जुळी. सातव्या मजल्यावर दोघंही भिंतीला धरून उभी होती आणि एक दुसऱ्याच्या हातातली चमच्यांची जोडी ओढत होता. त्यांच्या आईला काही कळलेलं नव्हतं. रोवेनाने दोघांना तपासलं, आईला दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं, आपला नंबर दिला. तिसरी मुलगी चाळीतली. तिथे बातमी आधीच पोचली होती. बापाने दार अर्धंच उघडलं आणि पोर बरी आहे, तुम्ही जा, म्हणाला. रोवेना पायरीवर बसून राहिली. ती बरी आहे हे मला बघू द्या, मग शिव्या घाला, असं तिने त्याला समजावलं. दहा मिनिटांनी त्याने मुलीला दारातूनच दाखवलं. मुलगी नाक ओढत होती, पण ते आठवडाभर चालूच होतं म्हणे. अंग गार होतं.

पण ही तिघं ठणठणीत असल्याने रोवेनाचा जीव भांड्यात पडला नाही. या तिघांना डोस मिळाला तेव्हा कुपी ताजी होती. प्रश्न शेवटच्या दोन डोसांचा होता. त्यातलं एक मूल मातीत गेलं होतं, आणि दुसरं कुठे होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

परभणीच्या बाईचं नाव अनुसया. तिचा फोन बंद लागत होता. खोलीला कुलूप होतं. घरमालकाला एवढंच माहीत होतं की नवरा कामणच्या बाजूला कुठल्याशा गोदामात माल चढवायला लागलाय आणि राहायची सोयही तिथेच आहे.

कामणला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळ्यांच्या रांगाच रांगा. प्रत्येक फाटकावर रखवालदार, प्रत्येकाचं उत्तर एकच: इथे कोणी बाईमाणूस राहत नाही. दोघी गाळ्यांमागून गाळे फिरल्या. ऊन डोक्यावर आलं. एका चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, परभणीकडचे हमाल त्या निळ्या पत्र्यांच्या मागे राहतात. तिथे गेल्या तर ते नांदेडचे निघाले. त्यांनी पुढची गल्ली दाखवली. दर वीस मिनिटांनी डॉक्टरांचा फोन येत होता आणि रोवेना दर वेळी "अजून नाही" एवढंच म्हणत होती. मनात मात्र ती तास मोजत होती. काल दुपारपासून आत्तापर्यंत. कुपी बिघडली असेल तर एवढ्या वेळात व्हायचं ते होऊन गेलं असेल.

शेवटी एका गोदामामागे, पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीपुढे कपडे धुणारी एक बाई भेटली. कालच एक बिऱ्हाड आलंय, ती म्हणाली, कडेची खोली. मग हात न थांबवता तिने पुढचं सांगितलं. त्यांचं पोर काल सारखं ओकत होतं.

कुंदाताईने रोवेनाचा हात घट्ट धरला. दोघी कडेच्या खोलीकडे धावल्या.

अनुसया उंबऱ्याजवळ बसली होती. मांडीवर तिचं पोर, प्रणव, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. रोवेना गुडघ्यांवर बसली. आधी श्वास मोजले, मग पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, नखं दाबून पाहिली, काखेत थर्मामीटर लावला. ताप होता, पण थोडा. किती वेळा ओकला? तीनदा, अनुसया म्हणाली, टेम्पोत सामानाच्या वर बसून आलो तेव्हा दोनदा आणि इथे आल्यावर एकदा. आज नाही.

गाडी लागली असेल. लसीनंतर थोडा ताप येतोच. तिचा अनुभव तिला सांगत होता की हे पोर बरं आहे. पण आज ती आपल्या अनुभवावर विसंबून राहायला तयार नव्हती.

"याला दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच," ती म्हणाली.

अनुसयाला ते पटेना. नवरा कामावर होता, त्याला न विचारता कुठे जायचं? आणि पोराला झालंय तरी काय? रोवेनाने कुंदाताईकडे पाहिलं. कुंदाताईने डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं. ही बातमी इथे सांगितली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गाळ्यांमध्ये पसरणार आणि इथलं एकही मूल उद्यापासून सुईजवळ येणार नाही, हे दोघींनाही कळत होतं. पण रोवेनाने सांगितलं. काल याला दिली त्याच कुपीतली लस घेतलेली एक मुलगी आज सकाळी गेली. कशाने गेली ते माहीत नाही. लसीने गेली असेल असं वाटत नाही, पण खात्री होईपर्यंत तुझं पोर माझ्या डोळ्यांसमोर असायला हवं.

अनुसया उठली, पोराला पदरात गुंडाळलं आणि रस्त्याकडे चालायला लागली.

प्रणवला दवाखान्यात एक दिवस नजरेखाली ठेवलं. रक्त तपासलं, त्यात काही सापडलं नाही. गुरुवारी दुपारी तो खाटेवर बसून बिस्कीट चोखत होता आणि ओले हात रोवेनाच्या गणवेशाला पुसत होता. अनुसयाने जाताना तिला एकच वाक्य सांगितलं: "खरं सांगितलं म्हून आले, नसता आले नसते."

चौथा डोस चांगला होता. पाचवा त्यानंतर लगेचच गेला होता. डॉक्टर डाबरेंच्या मते विषय तिथेच संपला. शनिवारी चौकशी समिती यायची होती, आणि जबाबात आरोहीच्या नावापुढे वेळ लिहायची होती. डॉक्टरांनी आडून आडून सुचवलं की दोन दहा लिहून टाका, सगळ्यांचंच सोपं होईल. रात्री घरी नवराही तेच म्हणाला: तू चूक केलेली नाहीस, मग फास स्वतःच्या गळ्यात कशाला घालून घेतेस? रोवेनाने दोघांचं ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'डोस देताना मी घड्याळ पाहिले नाही.' डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. चौकशी पूर्ण होईपर्यंत सेशनला जायचं नाही, असा आदेश शुक्रवारी दुपारी तिच्या हातात पडला.

शनिवारी समितीचे दोघं, डॉक्टर, रोवेना आणि कुंदाताई आरोहीच्या घरी गेले. ओसरीवर माणसं दाटली होती. दर्शनाची सासू पदीबाय मधोमध बसली होती. दर्शना आतल्या दाराला टेकून उभी होती. समितीच्या साहेबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिची थोरली जाऊ प्रतीक्षाच उत्तर देत होती. प्रतीक्षाच्या कडेवर तिचा स्वतःचा हर्षिल होता, साडेनऊ महिन्यांचा. पोर सुई घेऊन आली आणि गेली, यापलीकडे काय सांगायचं, ती म्हणत होती. आमच्या घरात आता कोणी सुई घेणार नाही, या गल्लीत कोणी घेणार नाही.

दर्शनाला साहेबांनी दोनदा विचारलं, मुलीला सकाळी तुम्ही कशी पाहिलीत? ती जमिनीकडे बघत राहिली.

मग पदीबायने रोवेनाकडे तोंड वळवलं. "तू सांग. कोनाला मध्ये घालू नको. सुई ताजी होती का नव्हती?"

डॉक्टर खाकरले. रोवेनाला सांगता आलं असतं की चौथा मुलगा बरा आहे, कुपी चांगलीच होती. ते तिने सांगितलंही, पण नंतर. आधी ती म्हणाली, "मला वाटतं ताजी होती. पण आरोहीला देताना मी घड्याळ बघितलं नाही. बघायला हवं होतं. ते माझं चुकलं."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. ओसरीवर एकच गलका झाला, कोणीतरी खुर्ची लाथाडली, डॉक्टरांनी आपल्या माणसांना घाईघाईने बाहेर काढलं. गाडीत बसताना रोवेनाने मागे पाहिलं. दर्शनाने पहिल्यांदाच मान वर केली होती आणि ती थेट रोवेनाकडे पाहत होती.

सोमवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाल्यावर दर्शना आरोग्य केंद्रात आली. एकटीच होती. रोवेना औषधांच्या खोलीत कपाट लावत होती, कारण सेशन बंद झाल्यापासून तिला तेवढंच काम उरलं होतं. दर्शना स्टुलावर बसली. तिने पाणी घेतलं नाही.

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही सांगता आलं."

मग तिने जे सांगितलं ते सलग नव्हतं. सुईनंतर आरोही किरकिरत होती. खांद्यावर घेऊन, मांडीवर घेऊन, कशीच झोपेना. शेवटी दर्शना तिला घेऊन आडवी झाली आणि पाजायला लागली. चार दिवस तिची स्वतःचीही झोप झाली नव्हती. डोळा कधी लागला ते कळलं नाही. सकाळी जाग आली तेव्हा आरोहीचं तोंड तिच्या छातीत रुतलेलं होतं, नाकाशी दूध सुकलं होतं, आणि अंग गार होतं. तिने तोंड पुसलं, मग हाक मारली. सासू म्हणाली, सुईने गेली. सगळे म्हणाले, सुईने गेली. दर्शना गप्प राहिली.

"मी मारली का तिला, सिस्टर?"

रोवेनाने कपाट बंद केलं आणि तिच्यासमोर खाली बसली. तिला सोपं उत्तर देता आलं असतं. पण या मुलीला आता खोटं कळलं असतं. तपासणी झाली नाही, तेव्हा छातीवर हात ठेवून कोणीच सांगू शकणार नाही, ती म्हणाली. श्वास कोंडला असेल. दूध श्वासनलिकेत गेलं असेल. दमलेली आई झोपते, त्याला मारणं म्हणत नाहीत. दर्शनाने ते मान्य केलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. समितीला सांगा, ती म्हणाली, पण घरी कळू देऊ नका. त्या घरात मला राहायचंय.

समितीने दर्शनाचा जबाब बंद खोलीत घेतला. दहा दिवसांनी अहवाल आला: मृत्यूचा लसीशी संबंध आढळला नाही. रोवेनाला वेळ न नोंदवल्याबद्दल ताकीद मिळाली आणि सेशन परत मिळालं. पण गल्लीला अहवालाशी काय देणंघेणं? सरकारी लोक सरकारी बाईलाच वाचवणार, असं सगळे म्हणाले. पुढच्या मंगळवारी अंगणवाडीत एकही मूल आलं नाही. खरं काय ते रोवेनाला माहीत होतं आणि ते तिला बोलता येत नव्हतं. घरोघर फिरून ती तेच तेच समजावत राहिली आणि दारं लागत राहिली.

अशात त्या गल्लीत गोवर आला. शनिवारी एका घरी हळद होती. नालासोपाऱ्याहून आलेल्या पाहुण्यांचं पोर दिवसभर सगळ्यांच्या कडेवर फिरलं, आणि सोमवारी त्याच्या अंगावर लाल पुरळ उठल्याचा निरोप आला. कुंदाताईने चौकशी केली. त्या दिवशी ते पोर प्रतीक्षाच्या हर्षिलबरोबर एकाच चटईवर झोपलं होतं.

गोवर झालेल्याच्या संपर्कानंतर तीन दिवसांच्या आत लस मिळाली तर मुलाला बहुधा तो होत नाही, किंवा आजार सौम्य जातो. शनिवार दुपारपासून मोजलं तर मंगळवार दुपार. रोवेना सोमवारी संध्याकाळी त्या घरी गेली. पदीबायने तिला अंगणातच थांबवलं. रोवेनाने तिथूनच तीन दिवसांचा हिशेब सांगितला, गोवर छातीत उतरला तर काय होतं तेही सांगितलं. प्रतीक्षा हर्षिलला छातीशी धरून ऐकत होती. तिचा चेहरा घाबरलेला होता, पण ती म्हणाली, एक गेली ती पुरे झाली. दाराच्या आत दर्शना उभी होती. रोवेनाने तिच्याकडे मुद्दामच पाहिलं नाही. ती तिथून निघून आली.

मंगळवारी अंगणवाडी उघडली. दहा वाजले, अकरा वाजले. डब्यातले बर्फाचे पॅक घामेजले. कुंदाताई दारात उभी राहून गल्लीकडे बघत होती. बारा वाजता तिने घरून आणलेली भाकरी काढली, आणि दोघींनीही ती तशीच गुंडाळून ठेवली. साडेबारा झाले. डॉक्टरांचा फोन आला, कोणी नसेल तर या परत. रोवेना म्हणाली, थांबते.

एकला दहा कमी असताना प्रतीक्षा आली. हर्षिल कडेवर होता आणि ती एकटी होती. तिने चपला बाहेर काढल्या, आत आली, खुर्चीवर बसली आणि पोराची बाही वर केली. डोळे सुजलेले होते.

"दर्शनाने सकाळी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "सासूबाईंसमोर."

रोवेनाच्या हातातली नवी कुपी तशीच राहिली. घरात काय झालं, ते प्रतीक्षाने तुटक तुटक सांगितलं. पदीबाय तेव्हापासून दर्शनाशी बोललेली नाही. दिराने, दर्शनाच्या नवऱ्याने, हातातला पेला भिंतीवर फेकला आणि तो बाहेर निघून गेला. दर्शना पिशवी भरून कामणला आईकडे गेली. जाताना तिने हर्षिलला प्रतीक्षाच्या हातातून घेतलं, पुन्हा तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, ने त्याला.

एका मुलासाठी पाच जणांची कुपी उघडायला एरवी रोवेना थोडं थांबली असती. आज तिने ती लगेच फोडली. हर्षिल रडला आणि आईच्या खांद्यात तोंड घालून गप्प झाला. अर्धा तास इथेच बसायचं, रोवेनाने सांगितलं. प्रतीक्षा बसली. ती दारातून दिसत होती, आणि गल्लीतल्या बायकांना तिचं तिथे बसणं दिसत होतं. दीडच्या सुमाराला शेजारची एक बाई नातीला घेऊन दारात आली. प्रतीक्षाने थोडं सरकून तिला बाकावर जागा दिली. त्या दिवशी कुपीतले तीनच डोस गेले, उरलेले दोन फेकावे लागले.

हर्षिलला गोवर झाला नाही. गल्लीतल्या दोन मुलांना झाला. त्यातलं एक पाच दिवस ऑक्सिजनवर होतं आणि वाचलं. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत अकरा मुलं आली. पदीबाय आजही रोवेना दिसली की तोंड फिरवते.

दर्शना आईकडे चार महिने राहिली. रोवेना कामणच्या बाजूला जाईल तेव्हा तिच्याकडे डोकावायची. कधी दोघी बोलत, कधी नुसत्या बसून राहत. एकदा नवरा तिला न्यायला आला आणि ती गेली नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्याबरोबर प्रतीक्षा होती, आणि तिच्या बोटाला धरून हर्षिल चालत होता. त्या दिवशी संध्याकाळी कुंदाताईचा फोन आला. दर्शना सासरी परत आली होती, आणि पदीबायने तिच्यासाठी पान वाढलं होतं. बोलली काहीच नव्हती, पण दर्शना जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिली होती.